कोकोच्या बागेतल्या दादा-ताईंचे आभार
वनस्पती उद्यान पाहून आम्ही कोकोच्या बागेत शिरलो आणि ओल्या पाचोळ्यावरून आईचा पाय घसरला. घोटा बघता बघता सुजला. माहिती सांगणाऱ्या दादांनी सगळ्यांना थांबवलं, स्वतःच्या रुमालाने घोटा बांधला, आईला आधार देत शेडपर्यंत आणलं.

पुढची बाग हुकली म्हणून आई हिरमुसली होती. तिथे काम करणाऱ्या ताईंनी ते ओळखलं. खोडालाच लगडलेलं पिवळं फळ तोडून आणलं, फोडलं आणि पांढऱ्या गरातली एक बी तिच्या तळहातावर ठेवली. “नुसती चोखा हं, आतून कडू असते.” मग शेजारी बसून केळीच्या पानांखाली 5-6 दिवस बिया कशा आंबवतात, तेही सांगितलं. आई दुखणं विसरून ऐकत होती.

दादा, ताई, तुमची नावं विचारायची राहूनच गेली. मनापासून आभार. आईचा पाय आता बरा आहे.