दाब, धर, सोड

चिपळूण, बुधवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला. "दोनदा पंप केलं की लागतात गं ब्रेक," हे तू इतकं सहज म्हणालीस की पुढचं ऐकवेना. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गणपतीला गाडी आणायची तर आण, मी नको म्हणणार नाही. (एसटीचं आरक्षण अजून मिळतंय, बंड्याने बघितलं.)

पण आधी एक कर. गाडी उभी असताना पेडल दाबून धर आणि मनात तीस आकडे मोज. सावकाश खाली बसत गेलं आणि कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलतो त्याची, आतली रबरं गेली. स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा. पंप केल्यावर वर येऊन कडक राहत असेल तर ड्रमला आतून घासणारे लायनर बहुधा झिजलेत, ड्रममधलं अंतर वाढलंय; लायनर ज्यावर बसतात ते शू ॲडजस्ट करून भागेल. डबीतलं तेल उतरत असेल तर चाकांच्या आतल्या बाजू बघ, ओल दिसेल. आपल्या १९७६ च्या पद्मिनीत चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरचं तेल. एक चाक गळलं की चारही ब्रेक गेले. हे मेकॅनिकने नुसतं "हो हो" म्हणून सोडू नये, समोर उभी राहा.

झालं, सुरू झाले मी. राहू दे. इंजिन स्वतः उघडणाऱ्या पोरीला मी काय शिकवणार! शेजारच्या काकूंना परवा तेच सांगत होते, जरा जास्तच.

पण हवा काढणं मला येतं हं. बाबा मागच्या डाव्या चाकाशी, कारण ते सगळ्यात लांबचं, आणि मी पेडलवर. दाब. धर. सोड. चाकामागचं हवा सोडायचं निपल ते उघडणार, बंद करणार; ते बंद व्हायच्या आत पाय उचलला की हवा परत आत. एकदा तू वृंदावनावरून पडलीस आणि माझा पाय उचलला गेला. केवढे ओरडले! संध्याकाळपर्यंत अबोला, मग पहिल्यापासून चारही चाकं. डाव्या मडगार्डचा रंग गेलाय ना, तो त्या दिवशी सांडलेल्या तेलाने.

आणि कुंभार्ली घाटातलं तुला आठवत नसेल, मांडीवर झोपली होतीस. उतरताना सतत ब्रेक, त्यात जुनं, पाणी धरलेलं तेल. उकळलं आणि पेडल पार तळाला गेलं. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरात टाकली, हँडब्रेक ओढत ओढत डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. तासाभराने पेडल आपोआप परत आलं, आणि "बघ, लागतात की," म्हणाले. अगदी तुझ्यासारखंच.

एसटीने ये ना गं. नाही, बोलले नाही मी.

घाटात दुसऱ्यातच उतर. पोफळीला पोचलीस की फोन कर, मी उचलेन.

तुझी आई

ता. क. डिकीत ब्रेक ऑइलची अर्धी बाटली आहे. उघडी राहिलेली आहे, ती वापरू नकोस. टाकूही नकोस, झाकणावर बाबांचं अक्षर आहे.