तक्रार करणार तरी कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरीतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की सरकारचं उत्तर ठरलेलं असतं, कायदा आहे, तक्रार करा. अहो पण तक्रार करणार कोण? ज्याला इंटरव्ह्यूलाच बोलावलं नाही त्याला कसं कळणार की बोलावलं कुणाला आणि का, त्याच्या हातात फक्त "आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे" असा दोन ओळींचा मेल, आणि पुष्कळदा तोही नाही. एवढ्यावर तो कोर्टात काय सिद्ध करणार?

अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुलैनाथन या दोन अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना जवळपास ५००० बनावट बायोडाटा पाठवले होते, २००४ साली त्यांचा पेपर आला. बायोडाट्यांवर नावं मुद्दाम चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटलेली, काहींवर एमिली-ग्रेग, काहींवर लकीशा-जमाल. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण १० बायोडाट्यांमागे एक बोलावणं आलं आणि कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला १५ मागे एक. आणि मला जे सगळ्यात लागलं ते पुढेच आहे, जाहिरातीत "आम्ही समान संधी देतो" असं छापणाऱ्या कंपन्या आणि सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्या, त्यांच्याकडेही भेदभाव तेवढाच निघाला. म्हणजे जिथे सरकारचा वचक असायला हवा तिथेही नव्हता.

कायद्याचा उपयोगच नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या एका वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात ठेवायचे, आणि तिथला सगळ्यात जास्त पगार हा बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी. १९६४ चा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६५ ला नोकऱ्यांना लागू झाला आणि त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या विभागांत भरतीसाठी दोन लेखी टेस्टची अट घातली, हायस्कूल पास असण्याची अट तर आधीपासूनच होती. कागदावर बघाल तर अटी सगळ्यांना सारख्याच, पण या अटी पूर्ण न केलेले आधीचे गोरे कामगार तीच कामं व्यवस्थित करतच होते ना! १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हेतू काहीही असो, ज्या अटीमुळे कृष्णवर्णीय बाहेर फेकले जातात तिचा कामाशी संबंध कंपनीने दाखवलाच पाहिजे. पण इथे कामगार आत होते, कुणाला कुठे ठेवलंय ते रोज डोळ्यांनी बघत होते म्हणून लढू शकले. बाहेरच्या बाहेर परत पाठवलेल्याला हे दिसतच नाही.

ब्रिटनचंही तेच. १९६३ मध्ये ब्रिस्टलच्या बस कंपनीत कृष्णवर्णीयांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हते, लोकांनी बसवर बहिष्कार टाकून ते बंद पाडलं, तरी १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात नोकरीचा विषयच घातला नाही. तो आला १९६८ ला. आणि वरून सारख्या दिसणाऱ्या पण काहींनाच नडणाऱ्या अटींना बंदी यायला १९७६ उजाडलं.

दक्षिण आफ्रिकेने १९९८ च्या कायद्यात उलटा रस्ता धरला तो मला पटतो. तिथे मोठ्या मालकांना कोणत्या वंशाचे किती लोक कोणत्या पदावर आहेत हे सरकारला कळवावं लागतं आणि तफावत कशी कमी करणार याचा प्लॅनही करावा लागतो. कुणी रडत येण्याची वाट बघायची नाही. यावर लोक म्हणतात की हा कागदपत्रांचा ताप आहे, पण टॅक्सचा हिशोब सरकार दरवर्षी मागतंच की, तिथे कुणी तक्रार करेपर्यंत थांबत नाही.

अजून एक, हे सगळं कायद्यातच हवं, नुसत्या आदेशावर सोडू नका. सरकारी कंत्राटदारांनी भेदभाव करू नये आणि समान संधीसाठी स्वतःहून पावलं उचलावीत असा आदेश अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काढला होता, तो जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एका सहीत रद्द केला. साठ वर्षांचं काम!

म्हणून माझं म्हणणं आहे की त्या दोन अर्थतज्ज्ञांनी केलं ते सरकारनेच दरवर्षी करावं, सारखे बायोडाटा वेगवेगळ्या नावांनी पाठवावेत, सुरुवात सरकारी कंत्राटं घेणाऱ्यांपासून करावी, आणि निकाल कंपनीच्या नावासकट जाहीर करावेत. तुमच्या पेपरने ही मागणी लावून धरावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक