झेंडू पुराणातला नाही हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याच्या पुरवणीतला फुलांवरचा लेख वाचला, चांगला होता, फोटो तर मस्तच. पण झेंडू आपल्याकडं पुराणकाळापासून पूजेला आहे असं त्यात ठोकून दिलंय ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. अहो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांच्या मागं मागं इकडं आला असं मानतात, म्हणजे फार तर पाचशे वर्षं झाली. आणि गंमत बघा, तिकडं ते गेलेल्या माणसांचं फूल! नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, रंगावर नि वासावर आत्म्याला घर सापडावं म्हणून. आपण त्याचंच तोरण दाराला बांधतो, ट्रॅक्टरला हार घालतो. (मागच्या दसऱ्याला आमच्या मोंढ्यात दुपारनंतर भाव पडला तर शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतून गेले, पण तो विषय वेगळा.)

लेखात युरोपातले गुलाब, ट्युलिप सगळे आले आणि अजिंठा एका ओळीत उरकला, याचं जास्त वाईट वाटलं. १ नंबरच्या लेणीत गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या बाजूला पद्मपाणी आहे, करुणेचा बोधिसत्त्व, हातात निळं कमळ. ते धरलंय कसं ते बघा एकदा, मुठीत आवळलेलं नाही, बोटांत अलगद, आणि नजर फुलाकडं नाहीच, खाली झुकलेली. लोक तिथं मोबाईल काढतात, फोटो घेतात आणि पुढं सरकतात, मान वर करून छतावरची कमळं कुणी बघत नाही. तेच कमळ वेरूळला कैलासात शिरलं की समोर, तिथं गजलक्ष्मी कमळांच्या तळ्यात बसलीय आणि हत्ती वरून पाणी घालतायत. एका ठिकाणी करुणा, दुसऱ्या ठिकाणी भरभराट, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. पैठणीच्या काठावरची आसावलीची फुलवेल तर लेखात नावालाही नाही.

माझं माहेर देगलूरकडचं, तेलंगणाच्या शिवेवर. तिथं तेलुगू घरांत सर्वपित्रीपासून बतकम्मा, म्हणजे फुलांची देवी मांडतात, आम्ही पोरं सकाळी सकाळी माळावर पळायचो, शेजारची आक्का दारातूनच ओरडायची, "आणलाव का रे तरवड?" पिवळा तरवड, पांढरा-गुलाबी कुर्डू, असे थरावर थर रचून परातीत उतरंडीसारखा डोंगर करायचा, बाया भोवती टाळ्या वाजवत फेर धरायच्या, शेवटी तळ्यात सोडायचं. बाकी मराठवाड्यात तरवड म्हणजे बांधावरचं झुडूप, कोण विचारतंय त्याला. तिथं मात्र फुलं देवीला वाहत नाहीत, फुलंच देवी असते. आक्काची बोटं दिवसभर पिवळीच दिसायची, आणि एखादा थर कलला की पुन्हा पहिल्यापासून, आमची भूक बिक गेली उडत.

तर एवढंच म्हणणं आहे की झेंडूची ती ओळ दुरुस्त करून छापा, आणि पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा कुणाला तरी घटस्थापनेच्या आधीच देगलूर-धर्माबादकडं पाठवा. तरवड माळावर तेव्हा फुललेला असतो.

आपली नेहमीची वाचक,
नांदेड