मंत्रिमहोदय, आमच्यावर आम्ही लिहायचं नाही का?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

फेलोशिपसाठीच्या आमच्या उपोषणाच्या मंडपात येऊन आपण शब्द दिला होता, पैशाअभावी एकाही संशोधकाचं अडणार नाही. टाळ्या मीही वाजवल्या. परवा माझ्या पीएचडीबद्दल पत्र आलं: ‘विद्यार्थिनी अभ्यासविषय असलेल्या समाजातीलच असल्याने वस्तुनिष्ठतेबाबत साशंकता वाटते, विषय बदलून सिनॉप्सिस नव्याने सादर करावा.’ तोवर फेलोशिप बंद.

मी कैकाडी. विषय सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या आमच्यासारख्या जमातींना डांबून ठेवायची वसाहत. 31 ऑगस्ट 1952 ला आम्ही ‘विमुक्त’ झालो म्हणे. तारेच्या कुंपणातलं लहानपण आठवणाऱ्या म्हाताऱ्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. बाहेरचं कुणी वही घेऊन आलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर, ‘काय आठवत नाय बाई.’ मी कैकाडीत विचारलं, की हजेरीला उशीर झाल्यावर कुणाच्या बापाला कुठं उभं केलं, तेही सांगतात. कुठल्या वस्तुनिष्ठ माणसाला पाठवताय तिथं? जरा लवकर पाठवा, म्हाताऱ्या थांबणार नाहीत.

इरावती कर्वे यांनी 1928 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. त्या स्वतः चित्पावन. त्यांच्या विद्वत्तेला माझा नमस्कारच आहे, पण विषय बदला असं त्यांना कुणी कळवलं होतं का?

जात पडताळणीला 1961 पूर्वीचा पुरावा मागितलात. आजोबांचं नाव असलेला एकच सरकारी कागद घरात होता, सेटलमेंटच्या हजेरीपटाचा उतारा. तोच जोडला. म्हणजे सवलतीसाठी मी कैकाडी असल्याची खात्री हवी आणि प्रबंधाला मी कैकाडी असल्याचीच अडचण!

यूजीसीची जेआरएफ, म्हणजे संशोधकांची केंद्राची फेलोशिप, महिना 37,000 रुपये. आमचे पैसे कधी येतील ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. घरमालक रोज दार वाजवतो, आई विचारते नोकरी कधी. डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात सवाल झालाच होता, पीएचडी करून काय दिवे लावणार? साहेब, खोलीचं वीजबिल थकलंय. दिव्यांचं नंतर बघू.

भटके-विमुक्त देशात कुणी दहा कोटी म्हणतं, कुणी पंधरा. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, अहवाल धूळ खात पडलेत. आमची मोजदाद तुम्ही करणार, आयोग तुम्ही नेमणार, आमच्यावर पुस्तकंही तुम्हीच लिहिणार. आम्ही फक्त माहिती पुरवायची, तीही फुकट.

माझा विषय आहे तोच ठेवा आणि नोंदणीच्या तारखेपासूनची रक्कम द्या. जमत नसेल, तर मंडपातला शब्द कोणत्या शासन निर्णयानं मागे घेतलात, त्याचा क्रमांक तेवढा कळवा.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर