अकिरा एंडो यांना, सांगलीहून

आदरणीय एंडो सर,

सप्रेम नमस्कार.

५ जून २०२४ ला तुम्ही गेलात. कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिन औषध शोधणारे तुम्ही, पण तुमचं नाव मला त्यानंतर कळलं. काल माझ्या मुलाचा रिपोर्ट आला. दोन वर्षांपूर्वी त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २६२ होतं, काल ११४. कागद हातात घेऊन मी लॅबच्या पायरीवरच बसले. हे वाचायला तुम्ही नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या घरातले पुरुष चाळिशीच्या आसपास जातात, हे आम्ही नशीब म्हणून धरूनच चाललो होतो. वडील १९८२ मध्ये गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा औषधच नव्हतं, त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही. पण भाऊ २००४ मध्ये गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. अमेरिकेत पहिलं स्टॅटिन १९८७ ला विक्रीस आलं, म्हणजे त्याला सतरा वर्षं होऊन गेली होती. छाती भरून येते म्हणून तो तीन डॉक्टरांकडे गेला. अंगाने सडपातळ. एक म्हणाले ॲसिडिटी, दुसरे म्हणाले टेन्शन, तिसऱ्यांनी तूप बंद करायला सांगितलं. टाचेमागच्या जाड शिरेवर त्याला कडक गाठी होत्या, त्यांना चपलेचे घट्टे ठरवलं. वडील कशाने गेले, एवढं तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

मुलाच्या वेळी नव्या डॉक्टरबाईंनी आधी तेच विचारलं आणि मग त्याची टाच चिमटीत धरून पाहिली. तेव्हा कळलं, हा आजार आई-वडिलांकडून वारशाने येतो. रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) आमच्यात जन्मतःच कमी. तुम्ही शोधलेल्या प्रकारच्या औषधाने, स्टॅटिनने, यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी होतं, मग यकृत ते रक्तातून जास्त ओढून घेतं.

तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. अकिता भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून अळंबी-बुरशीचं वेड. कोलेस्टेरॉल तयार होणं रोखणारं काही मिळावं म्हणून दोन वर्षांत सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्यात, आणि १९७३ मध्ये हवं ते सापडलं क्योटोच्या एका दुकानातल्या तांदळावरच्या निळसर हिरव्या बुरशीत. असे तांदूळ आम्ही नाक मुरडून फेकून देतो! मग उंदरांवर औषध चालेना. दुसऱ्या कुणी फाईल मिटली असती. तुम्ही कोंबड्यांवर करून पाहिलंत, आणि त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं.

पण मी अडकले आहे ती ओसाकाच्या मुलीपाशी. अठरा वर्षांची. आमचाच आजार, पण आई-वडील दोघांकडून आलेला, म्हणून कितीतरी भयंकर. कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. यामामोतो यांनी तिच्यासाठी तुमच्याकडे औषध मागितलं. त्याच्या सुरक्षिततेबद्दल तुमच्या औषध कंपनीत शंका होत्या. तरीही तुम्ही ते दिलंत. १९७८ च्या फेब्रुवारीत तिला ते सुरू झालं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण स्नायूंतली ताकद जाऊ लागली, म्हणून थांबवावं लागलं. तिथेही तुम्ही दोघांनी हात झटकले नाहीत, डोस कमी करून पुढे गेलात.

नंतर १९८० मध्ये कंपनीने त्या औषधावरचं कामच बंद केलं. पुढे दुसऱ्यांनी स्टॅटिन बाजारात आणलं, त्यातून तुमच्या हाती पैसा आला नाही. पण माझ्या डोळ्यांपुढून ते फेब्रुवारीचं औषध हलत नाही. तेव्हा माझे वडील जिवंत होते. एका अनोळखी मुलीसाठी कुणीतरी 'बघू' न म्हणता 'घ्या' म्हणालं. माझ्या भावाला तिन्ही ठिकाणी 'बघू'च ऐकायला मिळालं. चांगुलपणा म्हणजे वेगळं काय असतं? समोरच्याचं दुखणं ऐकल्यावर आपलं काम थोडं वाढवून घ्यायची तयारी.

मुलगा आता हॉस्टेलला आहे. रात्री साडेनऊला मी फोन करते. 'घेतली गं आई,' म्हणतो, आणि पाकिटाचा चुरचुर आवाज मुद्दाम ऐकवतो.

भावाची मुलगी तेवीस वर्षांची आहे. तो गेला तेव्हा ती नीट बोलतही नव्हती. तपासायला घाबरत होती, म्हणून तिला तुमची आणि त्या ओसाकाच्या मुलीची गोष्ट सांगितली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी तिला लॅबमध्ये घेऊन जाते आहे.

आपली,
सांगलीची एक आई