निपाणीच्या ताईस, खानापूरहून

चि. ताई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं नाव कुठं लिहू नका, असं तू बजावलंस. ते पाळतो. आभारही मानू नका म्हणालीस, ते मात्र ऐकणार नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातून आता बरीच पोरं बाहेरच्या देशात शिकायला निघालीत. त्यांच्या आईबापांच्याही नजरेस पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

आमची लेक दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत, पुढं बेळगावात बी. ई. आणि २०२५ च्या सप्टेंबरात एम. एस्सी.साठी एकदम जर्मनीतलं माग्डेबुर्ग. ऑटो फॉन गेरिकेनं दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढून घेतली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले तरी ते सुटले नाहीत, हे चित्र मी विज्ञानाच्या तासाला वर्षानुवर्षं फळ्यावर काढलंय. त्याच गेरिकेच्या नावाच्या विद्यापीठात पोरगी निघाली म्हटल्यावर मी गावभर सांगत सुटलो. तिच्या आईचा प्रश्न एकच होता, "तिथं तिचं कोण हाय?"

कोणी नव्हतं. बेळगावातल्या एका कन्सल्टन्सीला आम्ही पैसे मोजले होते, पण त्यांच्याकडं प्रत्येक प्रश्नाला "भरून टाका सर" एवढंच उत्तर. ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ युरो भरा म्हणाले. म्हणजे बारा लाखांच्या आसपास. कशासाठी, ते सांगेनात. शेवटी ओळखीतून तुझा, माग्डेबुर्गातच राहणाऱ्या निपाणीच्या पोरीचा, नंबर मिळाला. ही फी नव्हे काका, पैसे तिचेच राहतात, तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो तिच्या हातात पडतात, वर्षभर ती स्वतःचा खर्च भागवू शकते हे सरकारला दाखवायचं असतं, असं तू समजावलंस. त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली. सामान भरतानाही तुझाच फोन. बाहेरून युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत म्हणून तूप आणि कुंदा बाहेर काढायला लावलास. कुंद्यासाठी तिची आई तुझ्यावर जरा रागावली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. त्या कागदावाचून पुढची कामं अडतात, राहण्याच्या परवान्यापर्यंत. लेकीला वाटलं, ताई बरोबर येईल. तू पीएच.डी. करतेस, त्याच गावात राहतेस, जर्मन बोलतेस. तू मात्र नाही म्हणालीस. कचेरीची वेळ ऑनलाइन कशी घ्यायची ते शेजारी बसून दाखवलंस, पण बटणं तिलाच दाबायला लावलीस. घरमालकाच्या सहीचं पत्र तिलाच मागायला लावलंस. बोलायची चार वाक्यं कागदावर देवनागरीत लिहून दिलीस आणि म्हणालीस, अडलं तर फोन कर, पण आत एकटी जा.

आमच्याकडं कचेरीत एकटं कोण जातं? तहसीलला जायचं तर ओळखीचा माणूस शोधायचा, सातबारा नाहीतर उतारा काही असो, कन्नडमधला अर्ज दुसऱ्याकडून भरून घ्यायचा, खिडकीपुढं दोन पावलं मागं उभं राहायचं. पोरगी हेच बघत वाढली. तिनं मला रडत फोन केला. खरं सांगू, मलाही वाटलं की एवढं सगळं केलं, मग तासभर बरोबर जायला काय झालं? संध्याकाळी परत फोन आला तेव्हा आवाजच वेगळा. बाई नीट बोलल्या, कागद मिळाला, पप्पा मी आता बँकेतही एकटीच जाणार, म्हणाली. विमा, सिमकार्ड, परवाना, पुढं काहीच आम्हाला विचारलं नाही. झाल्यावर कळवत गेली.

वर्गातही तू हेच केलंस. तिथं हजेरी कोणी घेत नाही म्हणे, सगळी मदार शेवटच्या परीक्षेवर, आणि त्या परीक्षेला मुदतीत वेगळं नाव नोंदवावं लागतं, हे तू पहिल्याच महिन्यात तिच्या कानावर घातलंस. प्रश्न विचारणारा विद्यार्थी आपल्याकडं आगाऊ ठरतो. तू तिला प्राध्यापकांना मेल करून वेळ मागायला लावलीस, आणि दोन प्रश्न लिहून नेल्याशिवाय जाऊ नकोस म्हणालीस.

हिवाळा मात्र जड गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागं गेली आणि आपल्यातलं अंतर साडेचार तासांचं झालं. डिसेंबरात चार वाजताच अंधार. पोरगी फोनवर हूं हूं करायला लागली. तेव्हा तू तिच्याशी नाही, माझ्या बायकोशी बोललीस. रोज व्हिडिओ लावून घर, गोठा, शेजारणी दाखवू नका काकू, तिचा जीव तिकडंच अडकतो. आठवड्यातून तीनदा बोला, पण निवांत बोला. हे सांगायला धाडस लागतं, तेही न पाहिलेल्या बाईला. काकूंनी दोन दिवस तोंड फुगवलं, मग ऐकलं. तिकडं तू पोरीला विद्यापीठाच्या बॅडमिंटनला नेऊन सोडलंस. आता फोन आला की ती स्मॅशच्या गोष्टी सांगते आणि आम्ही कळल्यासारखं करतो.

फेब्रुवारीतल्या परीक्षेत एका विषयाला २.३ मिळाले. दहापैकी समजून तिची आई देवापुढं बसली. तिथं १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे नापास, हे तिला पटवता पटवता माझा चहा थंड झाला.

गेल्या आठवड्यात निपाणीला तुझ्या आईबाबांना भेटून आलो. तू तिकडं काय काय करतेस, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं, आता तुला राग आला तर येऊ दे.

आणखी एक काम आहे. आमच्या शेजारच्या गावातली एक मुलगी यंदा तिकडंच यायची आहे. तिचे वडील तुझा नंबर मागत होते. मी लेकीचा दिला.

सुट्टीला येशील तेव्हा आधी कळव, खानापूर स्टेशनावर घ्यायला येतो. काकूंनी कुंद्याचं आतापासूनच सांगून ठेवलंय, आणि तो इथंच बसून संपवायचा आहे.

तुझा,
काका