पाककृती ग्रॅममध्ये छापा

महोदय,

ब्रेड मशीनमधल्या घरच्या पावाच्या पाककृती हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर येतात. त्यात बहुधा ‘तीन कप मैदा, पाणी लागेल तसे’ एवढेच असते. पोळ्यांच्या कणकेला अंदाज चालतो, कारण हात पिठात असतो. मशीनचे झाकण लागले की तीन-साडेतीन तास सगळा कारभार पात्याचा आणि हीटरचा. शिवाय कपाचा भरवसा काय? चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम मैदा बसतो, डब्यात खुपसून दाबून भरला तर १५०. तीन कपांत ९० ग्रॅमचा फरक पडला की पाव एकतर दडस होतो, नाहीतर मधोमध खचतो. तेव्हा पाककृती ग्रॅममध्ये छापाव्यात, ही विनंती. वजनकाटा आता महाग राहिलेला नाही.

मुंबईच्या हवेत बसणारे माप असे: मैदा ४०० ग्रॅम, पाणी २५० मिली, तेल २० ग्रॅम, साखर १२, मीठ ७ आणि इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. भांड्यात आधी पाणी आणि तेल. त्यावर मैदा असा पसरायचा की पाणी दिसता कामा नये. मीठ-साखर कोपऱ्यांत, यीस्ट मधल्या कोरड्या खळग्यात. काही मशीनना यीस्ट तळाशी लागते; तिथे पुस्तिकेचे ऐकावे.

जुलै-ऑगस्टमध्ये मैदा सर्दावलेला असतो, म्हणून १०-१५ मिली पाणी आधीच कमी करावे. एप्रिल-मेमध्ये अडचण वेगळी. पात्याच्या घर्षणाने गोळा आणखी तापतो, यीस्टला घाई होते आणि भाजणे सुरू होण्याआधीच पाव फुगून बसतो. मशीन घड्याळावर चालते, पीठ किती फुगले ते त्याला कळत नाही. अशा दिवसांत फ्रिजमधले पाणी घ्यावे आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणावे. मीठ मात्र कमी करू नये, यीस्टला लगाम तेच घालते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुस्तिकेत कुठेतरी बारीक अक्षरांत असते: मळणे सुरू झाल्यावर सात-आठ मिनिटांनी झाकण उघडून बघणे. मऊ, गुळगुळीत गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरत असेल तर ठीक. तळाशी गिच्च चिकटत असेल तर चमचाभर मैदा, पाते अडखळत असेल किंवा गोळा फाटत असेल तर चमचाभर पाणी. एका वेळी एकच चमचा, मग दोन मिनिटे थांबावे. शेवटचे फुगणे सुरू झाले की झाकणाला हात लावू नये.

गिरणीतले गव्हाचे पीठ वापरायचे तर निम्म्या मैद्याऐवजी घालावे आणि पाणी २०-३० मिली वाढवावे. कोंडा आणि जात्यातले पीठ पाणी जास्त पिते. खपली गव्हाचा नाद मशीनमध्ये करू नये, त्याचे ग्लुटेन (पीठ ताणून धरणारे प्रथिन) फार नाजूक.

लादीपाव मात्र या मशीनमध्ये होत नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. त्यासाठी फक्त मळण्याचा प्रोग्रॅम लावावा. ३०० ग्रॅम मैद्याचे साधारण ५५ ग्रॅमचे नऊ गोळे आठ इंची चौकोनी ट्रेमध्ये जवळजवळ लावून फुगू द्यावेत आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटे भाजावेत.

टायमर लावून रात्रभर ठेवताना ताजे दूध किंवा अंडे घालू नये. आपल्या उकाड्यात ते सकाळपर्यंत टिकेल याची खात्री नाही. दुधाची भुकटी चालते. भाजून झाल्यावर पाव लगेच भांड्याबाहेर काढावा, नाहीतर वाफेने कडा ओल्या होतात. कापण्याआधी तासभर जाळीवर निवू द्यावा. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि फ्रिजमध्ये पाव उलट लवकर शिळा होतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेवावेत, लागतील तसे थेट तव्यावर टाकावेत.

– एक वाचक, गोरेगाव, मुंबई